लोकर पावसाळ्यात, भाजी हिवाळ्यात

नवरात्र सरत आलं की जबलपुरातल्या कमानिया गेटच्या भोवतालचा बाजार हिवाळ्याच्या तयारीला लागतो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून बांधलेल्या या कमानीपासून बडा फुहाऱ्यापर्यंतच्या जुन्या पेठेत लोकरीचे गुंडे दर्शनी भागात येतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत शहरात मेथी, पालक, मुळा, गाजर, मटार यांचं बियाणं आणि टोमॅटो-वांग्याची रोपंही विकायला येतात. ज्या घरात विणकामाची आणि गच्चीवरच्या भाजीची अशी दोन्ही आवड आहे, तिथे एकाच फेरीत दोन्ही पिशव्या भरतात. संक्रांतीपर्यंत पुष्कळ घरांत निकाल सारखाच लागतो. स्वेटरची पाठ झालेली, पुढचा भाग अर्धा, बाह्यांना हात लागलेला नाही. आणि गच्चीवर मेथी फुलावर आलेली, मुळे आतून पोकळ झालेले, वेळेवर काठी न मिळालेल्या टोमॅटोच्या फांद्या कुंडीबाहेर लोळत असलेल्या. मग ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असं स्वतःलाच बोल लावून दोन्हींपैकी एक छंद सोडून दिला जातो. हा बोल चुकीच्या जागी लावलेला आहे. विणकाम आणि भाजी यांचा मेळ दिवसाच्या तासांत बसवायला गेलं की तो बसत नाही. तो वर्षाच्या ऋतूंत बसवावा लागतो. आणि जबलपूरसारख्या मध्य भारतातल्या गावात राहणाऱ्यांनी मोठं विणकाम हिवाळ्यात नव्हे, पावसाळ्यात करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थंडी पडली की सुया हातात घ्यायच्या, ही सवय आपल्याकडे आली ती थंड मुलखातून. सुयांवरचं विणकाम आपल्या घरांत रुजलं ते इंग्रजी अमदानीत, मिशनऱ्यांच्या शाळांमधून आणि इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तकांमधून. ज्या देशातून ते आलं तिथे हिवाळ्यात जमीन गारठून जाते, भाजीचं काम जवळपास थांबतं आणि संध्याकाळ चार वाजताच सुरू होते. बागेतून मोकळे झालेले हात आपोआप सुयांकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या घरांनी ‘डिग फॉर व्हिक्टरी’ या सरकारी मोहिमेत परसात आणि भाड्याच्या तुकड्यांत भाजी पिकवली आणि त्याच घरांतून सैनिकांसाठी मोजे, मफलर, कानटोप्याही विणून गेल्या. हे दोन्ही एका घरात निभलं, कारण त्यांचे भराचे महिने वेगवेगळे होते. आपल्या देशातही याचं उत्तम उदाहरण हिमाचलातल्या लाहौलमध्ये आहे. तिथे मटार आणि बटाटा उन्हाळ्यात होतो, हिवाळ्यात शेतं बर्फाखाली जातात आणि तेव्हा बायका ज्या रंगीत नक्षीचे मोजे नि हातमोजे विणतात, त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. लाहौलचा मटार उन्हाळ्याचा, जबलपूरचा हिवाळ्याचा, हा फरक ज्याने लक्षात घेतला त्याला पुढचं सगळं समजेल. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. इथला हिवाळा म्हणजे स्वच्छ ऊन, गार रात्री आणि भाजीसाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ. इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने ‘जवाहर मटार’ या नावाने वाण दिले ते याच महिन्यांसाठी, आणि जिल्ह्याची ओळख म्हणून ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत मटारच निवडला गेला. म्हणजे आपण विणकामाची वेळ थंड देशाची उचलली आणि भाजीची वेळ मात्र आपल्या मातीची राहिली. दोन्हींची गाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडते आणि तिथेच घोटाळा होतो.

उपाय शोधण्याआधी या दोन कामांचा स्वभाव पाहायला हवा, कारण तो एकमेकांच्या अगदी उलट आहे. विणकाम थांबू शकतं. सुईवर घेतलेले टाके सहा महिन्यांनी पाहिले तरी तिथेच असतात. टोकाला रबर लावून ठेवलं आणि कितवी ओळ चालू होती हे कागदावर लिहिलेलं असलं, की काम जिथे सोडलं तिथून पुढे नेता येतं. भाजी थांबत नाही. भेंडी फूल पडल्यापासून पाच-सहा दिवसांत कोवळी तोडली नाही तर चिवट होते, आणि झाडावर जून झालेल्या शेंगा राहिल्या की नवी फुलं कमी येतात. पेरलेली मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते आणि वेळ टळली की कडवट होऊन फुलते. रोपं लावायची वेळ पंधरा दिवसांनी चुकली तर त्याची भरपाई पुढे कोणत्याही खताने पुरी होत नाही. म्हणून आजचा क्षण कुणाचा, असा प्रश्न आला तर तो नेहमी भाजीचा. त्यात विणकामाचा अपमान नाही. थांबू शकणाऱ्याने न थांबू शकणाऱ्याला वाट द्यावी, एवढाच त्याचा अर्थ. पण याची दुसरी बाजूही तितकीच पाळायला हवी. विणकामाला वर्षातला एक सलग, मोठा आणि कुणीही हात न लावायचा काळ मिळाला पाहिजे. उरल्यासुरल्या वेळात मोठा स्वेटर पुरा होत नाही, आणि याला हिशेबाचा आधार आहे.

हा हिशेब प्रत्येकाने सुया हातात घेण्याआधी एकदा कागदावर मांडावा. दहा नंबरच्या सुयांहून थोड्या जाड, म्हणजे आठ नंबरच्या, चार मिलिमीटरच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर घेतली, तर दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि तेवढ्याच उंचीत ३० ओळी बसतात. मोठ्या माणसाचा स्वेटर अंगाभोवती १०० सेंटिमीटर धरला तर पुढचं-मागचं मिळून एका ओळीचे २२० टाके झाले. ६५ सेंटिमीटर लांबीला १९५ ओळी. मुंढे आणि गळ्याची घट वजा केली तरी अंगाचेच ३८ हजारांच्या आसपास टाके होतात, दोन बाह्यांचे आणखी २२-२३ हजार. म्हणजे एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर सुमारे साठ हजार टाक्यांचा. सवयीचा हात मिनिटाला वीस टाके घालतो असं धरलं तर हे तीन हजार मिनिटांचं, म्हणजे पन्नास तासांचं काम आहे. उसवणं, जोडणी, गळपट्टी हे सगळं त्याच्यावर. रोज न चुकता एक तास मिळाला तरी दोन महिने गेले. दिवाळीला सुरू केलेला स्वेटर मकरसंक्रांतीला संपतो, तोही एक दिवस न चुकता बसलं तर. आणि जबलपुरात फेब्रुवारी उजाडला की दुपारी स्वेटर अंगावर ठेववत नाही. म्हणजे हिवाळ्यात सुरू केलेला मोठा स्वेटर त्या हिवाळ्याच्या कामाचाच नसतो. तो पुढच्या वर्षीसाठीच विणायचा असेल, तर भाजीचा ऐन हंगाम त्यासाठी खर्ची घालण्याचं काही कारण उरत नाही. याउलट लहान बाळाची कानटोपी पाच हजार टाक्यांत, चार-पाच तासांत होते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

आता बागेच्या बाजूने वर्ष पाहू. जबलपुरात पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस ओसरतो. वर्षाचा पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. या काळात कुंड्यांना पाणी घालण्याचं रोजचं काम जवळजवळ नाहीसं होतं. जमीन चिकट, कुंड्या तुडुंब, पालेभाज्यांवर बुरशी आणि अळ्या. कोथिंबीर, पालक, टोमॅटो यांच्यासाठी भांडणं व्यर्थ असतं. या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं होतं. जबलपूर-नरसिंहपूर पट्ट्यातली हवेली पद्धत म्हणजे काळ्या जमिनीला उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी साठवायचं, खरिपाचं पीक घ्यायचंच नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी सोडून ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाण्याखाली तण कुजतं, ओल मुरते, आणि रब्बी उत्तम येते. ज्या मातीत आपण राहतो तिथल्या जाणत्यांनी पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवणं हा आळस मानला नाही. गच्चीवर पाणी साठवायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको. जुन्या घरांच्या गच्चीवर तर पाण्याचा निचरा आणि मातीचं वजन याकडे आधी पाहावं. ओली माती तीस सेंटिमीटर थरात चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या जवळ जाते. म्हणून माती, शेणखत आणि नारळाचा भुसा असं हलकं मिश्रण वापरावं. पण पावसाळ्यात बागेचा मोठा भाग विश्रांतीला ठेवायचा, कुंड्यांत वाळकी पानं भरून किंवा ताग पेरून तो कोवळा असतानाच मातीत मिसळायचा, ही बुद्धी हवेली पद्धतीकडून जरूर घ्यावी. ऑक्टोबरला लागणारी कसदार माती तयार होते आणि आपले तीन महिने मोकळे होतात.

हेच तीन महिने मोठ्या विणकामाचे. आषाढ लागला की स्वेटर सुईवर चढावा आणि पितृपक्षापर्यंत चारही तुकडे उतरावेत. रोज पाऊण तास धरला तरी जून अखेर ते सप्टेंबर मध्य या काळात पन्नास तास आरामात निघतात, आणि झड लागलेल्या दिवसांत तास दोन तास सहज मिळतात. नवरात्रापासून विणकामात फक्त जोडणी, गळपट्टी, बटणपट्टी एवढंच उरेल, आणि ते पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांतही होतं. या बेतात एकच अडचण खरी आहे: जुलैमध्ये बाजारात लोकरीचा साठा नसतो, असला तरी मोजके रंग. म्हणून लोकर फेब्रुवारीत घ्यावी. हंगाम संपताना दुकानदाराला उरलेला माल काढायचा असतो, निवांतपणे दाखवायला वेळ असतो आणि भावही बरेचदा उतरतो. मात्र तेव्हा पुढच्या स्वेटरला लागणारी सगळी लोकर एकदम घ्यावी, शंभर ग्रॅम जास्तच. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मध्यम जाडीची ५०० ते ६०० ग्रॅम लोकर लागते. प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या घाण्याचा क्रमांक असतो, तो सगळ्यांचा एकच आहे ना हे दुकानातच तपासावं. वेगळ्या घाण्यातली तीच छटा गुंड्यात सारखी दिसते आणि स्वेटरात बाही वेगळी पडते. जुलैत एक गुंडा कमी पडला तर तो रंग पुन्हा मिळेलच याची खात्री नाही.

पावसाळ्यात लोकर हाताळायची, यावर पहिला आक्षेप घामाचा आणि दमटपणाचा येतो, आणि तो रास्त आहे. ओलसर बोटांनी टाके सुईवर अडकतात, विशेषतः ॲक्रिलिक लोकर आणि धातूच्या सुया असतील तर. यावर उपाय साधे आहेत. बांबूच्या किंवा गुळगुळीत लाकडी सुया घ्याव्यात, पंख्याखाली बसावं, जवळ एक सुती रुमाल ठेवावा, आणि आधी बाह्या विणाव्यात, कारण पाठीचा जड तुकडा मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा बाही हातात हलकी राहते. पाठ ऑगस्टच्या उत्तरार्धात, हवा जरा सैल झाली की घ्यावी. अस्सल लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल शोषूनही ओली लागत नाही, ॲक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही. म्हणून अस्सल लोकरीचं माप दमट दिवसांत आणि कोरड्या दिवसांत थोडं हलू शकतं. नमुन्याचा चौकोन विणून धुवावा, वाळवावा आणि मगच टाके मोजावेत; पावसाळ्यात ही शिस्त सोडू नये. दुसरा आक्षेप किडीचा. कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या अळ्या प्राणिज तंतू खातात, म्हणून अस्सल लोकर जपावी लागते. ॲक्रिलिकला हे भय नाही. घामाचे नि अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवर कसर आधी लागते. चालू काम बंद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, तिथे ओल साचून वास येतो. सुती पिशवी, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि उघडीप मिळाली की तासभर हवा, एवढं पुरतं. कडक उन्हात मात्र रंग उडतो.

याहून वजनदार आक्षेप बागवाल्यांकडून येईल: पावसाळा हाच तर लावणीचा काळ, तेव्हा बाग अर्धी बंद ठेवायची म्हणजे काय? दोडका, कारलं, दुधी, घोसाळी पावसाळ्यातच बहरतात, अळूची पानं तेव्हाच हातभर होतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी पूर्ण बंद म्हणत नाही. पावसाळी भाज्यांतल्या ज्या कमी हात मागतात त्या ठेवाव्यात. अळूला एकदा जागा दिली की पानं कापण्यापलीकडे काम नाही. दोडक्या-कारल्याचे दोन-तीन वेल जूनच्या आरंभी लावून दोरीवर चढवले की आठवड्यातून दोनदा पाहणं पुरतं. मायाळू, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना यांना तर वर्षभर फारसं विचारावं लागत नाही. टाळायच्या त्या रोज मागणी करणाऱ्या: पावसाळी भेंडी, गवार, काकडी, ज्यांची एक दिवसाआड तोडणी चुकली की पीक वाया जातं. त्या उन्हाळ्यासाठी राखाव्यात. पावसाळ्यात बागेची एकच जबाबदारी अशी आहे की तिला विणकामासाठीही उशीर करू नये: टोमॅटो, वांगी, मिरची, फुलकोबी यांची रोपं ऑगस्टच्या मध्यापासून तयार करायला घेणं. पसरट भांड्यात पेरून ती पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवावीत. रोप चार-पाच आठवड्यांनी लावायला येतं, तोवर पाऊस ओसरत आलेला असतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ पूर्ण बागेचा. या सात आठवड्यांत नवं विणकाम सुरू करू नये, दुकानात कितीही सुंदर रंग आलेला असो. याच आठवड्यांत वर्षभराची उत्तम भाजी ठरते. पण इथेही एक चूक सर्रास होते: सगळी मेथी, सगळा पालक, सगळी कोथिंबीर एकाच रविवारी पेरली जाते. ती एकाच आठवड्यात तयार होते, घरात खाऊन संपत नाही, शेजारी वाटूनही उरते, आणि महिन्याभराने गच्ची रिकामी. पालेभाजीची जागा चार भागांत वाटावी आणि दर दहा दिवसांनी एक भाग पेरावा. मेथी तीस दिवसांची, कोथिंबीर चाळीसच्या आसपास, मुळा चाळीस-पंचेचाळीस. हिशेबाने पेरलं तर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला थोडी ताजी भाजी मिळते आणि एका वेळचं काम अर्ध्या तासाच्या पुढे जात नाही. यातून जो वेळ वाचतो, तोच पुढे विणकामाला मिळतो.

काय लावायचं, हेही वेळेच्या हिशेबाने ठरवावं. मटाराचा मोह या शहरात फार होतो, कारण डोळ्यांसमोर तोच. पण हेक्टरी शंभर क्विंटल शेंगा हे शेतातलं चांगलं पीक धरलं, तर चौरस मीटरला एक किलो शेंगा झाल्या, आणि सोलून दाणे त्याच्या निम्म्याच्या आसपास. गच्चीवर तीन महिने एक चौरस मीटर अडवून, जाळी बांधून, भुरी रोगाकडे लक्ष ठेवून अर्धा किलो दाणे हाती येणार; तेवढा ताजा मटार ऐन हंगामात शहापुरा-पाटणकडून बाजारात गाड्यांनी उतरत असतो. मुलांना वेल दाखवायला एक कुंडी ठीक. बाकी जागा अशा भाज्यांना द्यावी ज्या खुडल्यावर काही तासांत मलूल होतात किंवा इथल्या बाजारात मराठी चवीच्या शोधात हिंडूनही मिळत नाहीत: आंबट चुका, करडईची कोवळी भाजी, अंबाडी, कोथिंबीर, लसणाची पात. चाकवत मात्र इथे बथुआ या नावाने हिवाळाभर मिळतो, त्यासाठी कुंडी अडवू नये.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर बाग पुन्हा सैल होते. थंडीत बाष्पीभवन कमी, पाणी दोन-तीन दिवसांनी पुरतं, तण मंद. आता छोटं विणकाम काढावं: कानटोपी, हातमोजे, बाळाचे पायमोजे, मफलर. चार ते पंधरा तासांत संपणारं काहीही. ‘थंडी पडल्याशिवाय सुया हातात घ्याव्याशाच वाटत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांचं समाधान इथे होतं, आणि गच्चीवरच्या उन्हात बसून विणणं हे सुख आहेच. ते कुणी सोडावं असं मी म्हणत नाही. फक्त त्या सुखात साठ हजार टाक्यांचं ओझं घेऊन बसू नये. डिसेंबर-जानेवारीत एखादी रात्र दंव गोठण्याइतकी गार होते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की संध्याकाळी कुंड्यांना पाणी द्यावं आणि टोमॅटो-वांग्यावर जुनी सुती साडी पसरावी, सकाळी ऊन आल्यावर काढावी.

दिवसाच्या तासांविषयी फारसं सांगण्यासारखं नाही, कारण तिथे भांडण कमी आहे. बागेचं काम सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करायचं. विणायला, विशेषतः गडद रंग विणायला, दुपारचा नैसर्गिक उजेड लागतो. रात्री दिव्याखाली काळी किंवा निळी लोकर विणून डोळे शिणवू नयेत. रात्रीसाठी फिका रंग आणि सरळ साधी वीण ठेवावी. मात्र हातांचा प्रश्न गंभीर आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. खुरपं घट्ट धरणं, कात्री चालवणं आणि लोकरीचा ताण सांभाळत सुया हलवणं, ही सगळी कामं अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर जोर देतात. तिथल्या कंडरांचं आवरण सुजून दुखणं जडतं, त्याला डॉक्टर ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. दोन छंदांचा भार एकाच सांध्यावर पडतो आहे, हे न कळल्यामुळे माणूस विणकाम बंद करतो आणि खुरपणी चालू ठेवतो, मग दुखणं कसं थांबणार? ज्या दिवशी माती उकरली, कुंड्या भरल्या, त्या दिवशी विणायला बसू नये, बसलंच तर अर्ध्या तासापुढे नाही. दर वीस मिनिटांनी हात सैल सोडावेत. खुरप्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. आठवड्याभरात दुखणं उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं, तेल चोळत महिने काढू नयेत. मातीने खरखरीत झालेल्या बोटांत लोकर अडकते. बागेत सुती हातमोजे घालावेत, तेल किंवा मलम रात्री झोपताना लावावं, विणायच्या आधी नव्हे, नाहीतर लोकरीवर डाग पडतात.

अशाच न्यायाने दोन अवघड गोष्टी एका महिन्यात एकत्र आणू नयेत. वेण्यांची नक्षी, जाळीची वीण, दोन-तीन रंगांचं काम यांना सलग लक्ष लागतं, ती पावसाळ्यात. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी भेंडी-काकडी एक दिवसाआड तोडायची असते, पाणी दोन वेळा द्यायचं असतं, तेव्हा हातात काही ठेवायचंच तर सुती धाग्याचं क्रोशाचं काम किंवा जुना स्वेटर उसवून लोकर धुऊन लड करून ठेवणं. सुटीत नागपूर-पुण्याकडे आठ-दहा दिवस जायचं असेल तर बाहेरून काहीच न लावलेलं मातीचं मडकं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावं आणि वर झाकण ठेवावं. पाणी झिरपत राहतं. तरी शेजाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते भरायला सांगावंच. मेच्या उन्हात यापलीकडे भरवसा नाही.

शेवटचा आक्षेप असा की छंदाला इतकं वेळापत्रक लावलं तर त्यातला आनंद उरणार नाही. तयार स्वेटर स्वस्त मिळतो, भाजी दारावर येते, मग हा खटाटोप कशासाठी? पैशांच्या बाबतीत मान्य करावं लागेल की हाताने विणलेला स्वेटर बरेचदा लोकरीच्या किमतीतच तयार स्वेटरच्या बरोबरीला पोचतो, आणि गच्चीवरच्या पहिल्या वर्षाची भाजी कुंड्या-मातीचा खर्च धरता महागच पडते. बचतीसाठी हे करायला कुणी निघालं असेल तर निराशा होईल. करायचं ते मापात बसणारा, वीस वर्षं टिकणारा स्वेटर हवा म्हणून आणि खुडल्यावर दहा मिनिटांत फोडणीला पडणारी मेथी हवी म्हणून. आनंदाचं म्हणाल, तर तो मारतं ते अर्धवट राहिलेलं काम. कपाटातल्या बाही नसलेल्या स्वेटरकडे पाहून कुणाला आनंद होत नाही. ज्यांच्या घरी हिवाळ्यात बाळ यायचं आहे त्यांनी मात्र हे सारं वेळापत्रक बाजूला ठेवावं आणि बाळाची तारीख पाहून विणावं. भाजी बाजारातून आणता येते.

तेव्हा येत्या फेब्रुवारीत, गाजर-मेथीचा शेवटचा वाफा निघत असताना, कमानिया गेटकडे एक फेरी मारा. ज्याच्यासाठी विणायचं त्याचं माप कागदावर घेऊन जा, एकाच घाण्याची सगळी लोकर घ्या, पट्ट्या जपून ठेवा आणि गुंडे कडुनिंबाच्या पाल्यासोबत सुती पिशवीत बांधून ठेवा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पहिल्या बाहीचे टाके घाला.